बिघाड लिहून देणारे जनाभाऊ

जनाभाऊ नाईक समोर आले की आधी तुमच्या डोळ्यांत बघायचे. ओळख दाखवायला नव्हे, कुठे पिवळं दिसतंय का ते पाहायला. मुरुडच्या एसटी स्टँडसमोर माझं औषधांचं दुकान आहे. जनाभाऊ पायरीवर येऊन "शेट, जरा भायेर या" म्हणायचे. ट्यूबलाइटच्या उजेडात त्यांना काही कळत नसे. समोर गिऱ्हाईक असो की कंपनीचा माणूस असो, मी मुकाट्यानं बाहेर उन्हात जाऊन उभा राहायचो. ते अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढायचे, एकदा डावी, एकदा उजवी, आणि निकाल द्यायचे, "पांढरे हायत. घाबरू नका."

मला कावीळ कधीच झाली नाही. पण मी जन्माचा काळजीखोर. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख तीनदा वाचतो, शटर लावून घरी गेल्यावर कुलूप बघायला परत येतो. जनाभाऊंना हे पक्कं ठाऊक होतं. "दिनूशेटला सकाळी एकादी काळजी मिळाली न्हाय तर चहा उतरत न्हाय घशाखाली," असं ते स्टँडवर चारचौघांत सांगायचे. त्यांचं ते "घाबरू नका" ऐकलं की माझा दिवस बरा जायचा, हे मात्र मी त्यांच्यापाशी कधी कबूल केलं नाही. आता करून उपयोग नाही.

तीस वर्षं ते एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतरही खाकी पँट सुटली नाही. वर घरचा सदरा आणि खिशाला बॉलपेन. गाडी काढण्याआधी टायरला लाथ सगळेच ड्रायव्हर मारतात, जनाभाऊ लाथ मारून कान देऊन ऐकायचे. आणि गाडी डेपोत जमा करताना बिघाड लिहून द्यायचे. तो सगळ्यांनीच द्यायचा असतो, पण लिहिलं की मेकॅनिक वैतागतो, आपल्याला थांबावं लागतं, म्हणून बरेच जण 'ठीक' लिहून घरची वाट धरतात. जनाभाऊ वायपर करकरतो इथपासून लिहायला सुरुवात करायचे. मेकॅनिक लोक त्यांना बघून चहाला निघून जायचे.

मी एकदा विचारलं, "कशाला एवढं लिहीत बसायचात?"

"शेट, गाडी आपण डेपोत टाकतो, सकाळी दुसरा नेतो. त्याला काय सपान पडणार हाय का?"

एकदा डेपोत कोरी करकरीत गाडी आली. ती पहिल्यांदा अलिबागला न्यायचा मान जनाभाऊंना मिळाला. हार घातला, नारळ फोडला. काशीदच्या चढावर जनाभाऊंना कसलासा वास आला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरून चाकापाशी नाक नेलं आणि जाहीर केलं, "ही आता पुढं जात न्हाय." चाळीस माणसं उन्हात. कुणाची कोर्टाची तारीख, कुणाचा पेशंट सिव्हिलला. लोकांनी त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. डेपोतून माणसं आली, चाकं उघडली, काही सापडलं नाही. साहेबांनी झापलं. पुढे कितीतरी वर्षं त्यांना 'वासवाले नाईक' म्हणत.

"काय झाला न्हाय म्हणजे मी चुकलो, असा कुठं हाय?" ते मला म्हणाले होते. "जुन्या गाडीच्या खोडी ठाव्या असतात. नवीच्या खोडी रस्ता दाखवतो, आन तवर आपण आत बसलेलो असतो."

गंमत अशी की हाच माणूस प्रवासी म्हणून एसटीत बसला की पहिल्या थांब्याच्या आत घोरायला लागायचा. रेवदंड्याच्या पुलावर बस हिंदकळो, ब्रेक करकचून लागो, जनाभाऊंची मान खिडकीला टेकलेली. मी विचारलं तर म्हणाले, "गाडी त्याच्या हातात दिली ना? मग दिली. मागं बसून आपण ब्रेक मारायचा न्हाय."

कावीळ हा त्यांचा घराण्याचा वसा. आजोबांपासून त्यांच्या घरी काविळीची मुळी दिली जायची. रविवारी आणि मंगळवारी, दिवस उगवताना, अनशापोटी, ताकातून. जनाभाऊ आदल्या दिवशी एकटे गारंबीच्या रानात जायचे आणि येताना वाटेत कुणाशी बोलायचे नाहीत. पैसे घ्यायचे नाहीत; बरं झालेल्यानं तुळशीपुढे एक नारळ ठेवायचा, बस. मुळीचं नाव घरातल्या एकाच वारसाला सांगायचं. नाव फुटलं की गुण जातो, हा पक्का नियम. त्यांच्या अंगणात श्रीवर्धनपासून माणसं यायची. कोळी यायचे, राजपुरीहून मुसलमान बायका यायच्या, एकदा एक डॉक्टर स्वतःच्या आईला घेऊन आला होता आणि मला बघून तोंड लपवत होता.

माझं आणि जनाभाऊंचं भांडण याच्यावरच. मी म्हणायचो, "जनाभाऊ, निम्म्याहून जास्त काविळी पथ्यानं आणि आरामानं आपोआप बऱ्या होतात. नाव तुमच्या मुळीचं होतं."

"व्हय? आन तुमच्या दुकानातली सर्दीची गोळी काय करते?"

 पण एक गोष्ट मी बघितली होती. पोट फुगलेला, झोपेत असल्यासारखा बोलणारा माणूस अंगणात आला की जनाभाऊ मुळीला हात लावत नसत. "हा माजा न्हाय. गाडी करा, अलिबागला न्या," म्हणायचे आणि गाडी येईपर्यंत स्वतः उभे राहायचे. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे त्या माणसाला कळत होतं. म्हणून पुढे जे झालं ते मला अजून गिळवत नाही.

जनाभाऊंची बायको लवकर गेली. घरात ते आणि एकुलती एक मुलगी, अश्विनी. म्हसळ्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती शिक्षिका. सत्ताविसाव्या वर्षी तिच्या एका डोळ्यापुढे धुकं आलं, महिन्याभरात गेलं. चष्म्याचा नंबर म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. दोन वर्षांनी फळ्यावर लिहिताना तिला आपला उजवा पाय कुठे आहे तेच कळेना. खाली बघितलं तेव्हा तो जागेवर होता. गावानं वात ठरवला, कुणी बाहेरचं ठरवलं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात मेंदूचा फोटो काढला तेव्हा नाव मिळालं, मल्टिपल स्क्लेरोसिस.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना नीट समजावलं होतं. शरीराची राखण करणाऱ्या पेशी वाट चुकतात आणि आपल्याच नसांवरचं आवरण खातात. जनाभाऊंनी मला ते आपल्या भाषेत सांगितलं. "वायरिंगचा रबर निघतो, शेट. आन कुरतडणारा उंदीर भायेरचा न्हाय, डेपोचाच वाचमन." हसायला येईल असं बोलले, पण बोलताना काउंटरची कड त्यांनी घट्ट धरली होती. हा आजार पुरता बरा होत नाही. झटके येतात, ओसरतात, प्रत्येक झटका जाताना थोडं काहीतरी घेऊन जातो. औषधानं झटके कमी करायचे, एवढंच. अश्विनीला इंजेक्शनं चालू होती, तरी दोन वर्षांत दोन झटके आले. ती बदली घेऊन मुरुडजवळ आली आणि काठी घेऊन शाळेत जाऊ लागली.

तेव्हा त्या डॉक्टर मॅडमनी नव्या गोळीचं सांगितलं. अजून बाजारात न आलेली, चाचणीतली. निम्म्या पेशंटना नवी गोळी, निम्म्यांना आधीपासून चालत आलेली जुनी. कुणाला कोणती हे पेशंटला कळणार नाही आणि डॉक्टरलाही नाही. जनाभाऊंनी मॅडमना एकच प्रश्न विचारला. "मॅडम, ही गोळी ज्यानं सगळ्यात आदी खाल्ली, त्याला किती वर्षं झाली?"

"फार नाही झाली, काका."

"म्हणजे धाव्या वर्षी काय व्हतं ते कुणालाच ठावं न्हाय."

"नाही. ते खरंच अजून माहीत नाही."

घरी येऊन ते मला म्हणाले, "जी बाई माहीत न्हाय म्हणते, तिच्या गाडीत बसायला हरकत न्हाय." तरी जाडजूड संमतीपत्र घेऊन ते तीन दुपारी माझ्या दुकानात बसले. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचे. एका पानावर बोट थांबलं आणि ते मोठ्यानं वाचू लागले. गोळीनं यकृताला इजा होऊ शकते. डोळे पिवळे दिसल्यास ताबडतोब कळवावे. विचारल्याशिवाय कोणतंही गावठी औषध घेऊ नये. वाचून झाल्यावर ते खो खो हसले. "शेट, हा कागद त्यांनी माज्याच घरासाठी छापलाय!"

मी हसलो नाही. मला रात्री झोप लागली नाही.

सही अश्विनीनं केली. "आबा, पाय माझा आहे आणि भीतीही माझी आहे," असं ती म्हणाली. ती बापासारखीच, कमी बोलायची आणि बोलली की संपलं. चाचणीतून तिला एक छोटी वही मिळाली होती. रोज काय त्रास झाला ते तीत लिहायचं. जनाभाऊ रोज विचारायचे, "बिघाड लिवला का?" ती मुद्दाम त्यांना वाचून दाखवायची, "डोकं दुखलं, दहा मिनिटं. आबांनी तीनदा तेच विचारलं म्हणून." आणि रोज सकाळी तुळशीपाशी उभं करून ते तिची पापणी ओढायचे. "पांढरे हायत."

दोन महिने गेले. अश्विनीचा पाय सुधारत गेला. होळीला ती काठी न घेता माळावर चालत आली. जनाभाऊ तिच्या मागून येत होते, हात पाठीशी बांधून, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "बघा, काठी न्हाय." झटका ओसरल्यावर पाय आपोआपही सुधारतो, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या मुळीबद्दल मी जे म्हणायचो तेच या गोळीबद्दल म्हणता आलं असतं. पण त्या माळावर, त्या माणसाचं तोंड बघून, माझी जीभ उचलली नाही.

होळीनंतरच्या सोमवारी जनाभाऊ दुकानात आले. सोमवारी बाजार असल्यासारखी गर्दी असते. ते पायरीवर थांबले नाहीत, थेट आत आले, आणि माझे डोळे न बघताच बोलू लागले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ते मला दिसलं आणि तरी मी हातातली पाकिटं मोजत राहिलो.

"शेट, एकाद्याची मुंबईची गोळी चालू हाय, आन वर मुळी दिली तर चालते का?"

आम्ही औषधवाले दिवसातून पन्नासदा जे उत्तर देतो तेच मी दिलं. "दोन तासांचं अंतर ठेवा."

कुणाची गोळी, कसली गोळी, मी विचारलं नाही. एरवी नळाची चावी बंद केली का याची काळजी करणारा मी, त्या दिवशी एक प्रश्न विचारायला मला फुरसत झाली नाही. ते "बरं" म्हणाले आणि गेले.

शुक्रवारी दुपारी मी शटर अर्धं ओढून जेवायला बसलो होतो. शटरवर थाप पडली. बाहेर जनाभाऊ. चपला नव्हत्या पायात.

"अशू उलट्या करते. लघवी चहासारखी झाली. झोपूनच हाय, हाक मारली तर उगाच व्हय म्हणते." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शेट, ही माजी न्हाय आता. गाडी काढा."

अलिबागला सिव्हिलमध्ये न्यावं असं मी म्हणालो. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. अश्विनीनं पडल्या पडल्याच मॅडमना फोन लावला होता. थेट घेऊन या, म्हणाल्या होत्या. मांडव्याला गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीवर माझी गाडी चढवायची ठरवलं. मागच्या सीटवर अश्विनी उशीला टेकून. दिवसाच्या उजेडात तिचे डोळे मला आरशात दिसले. हळदीसारखे. मी आरसा फिरवून ठेवला.

नांदगाव सुटल्यावर जनाभाऊ बोलायला लागले. रविवारी सकाळी अंगणातले पेशंट गेल्यावर त्यांनी नेहमीसारखी तिची पापणी ओढली होती. कडेला पिवळी झाक होती. दुसऱ्या कुणाला दिसली नसती. "आन मी म्हणलो, पांढरे हायत." पुढची रक्ततपासणी दहा दिवसांवर होती. कळवलं तर गोळी बंद होणार. गोळी बंद झाली तर पाय जाणार. मंगळवारी त्यांनी तिला ताकातून मुळी दिली, गोळीपासून बरोबर दोन तासांचं अंतर ठेवून. "मला वाटला, कावीळ माज्या हातातली हाय. पाय माज्या हातातला न्हाय. तर कावीळ मी बगतो, पाय गोळी बगेल."

 'दोन तास' हे शब्द माझे होते.

मागून अश्विनी डोळे मिटून म्हणाली, "मला ताकाला वास आला होता आबा. आणि आरशात मीही बघितलं होतं. वहीत मी 'त्रास नाही' असं लिहिलं तीन दिवस."

चौल मागे पडलं तसा मी गाडीचा वेग वाढवला.

रो-रोवर गाडी लावून आम्ही तिला वर घेतलं. तिला वारा हवा होता. बोट सुटली. लोक कठड्याशी उभे राहून फोटो काढत होते, कुणी सीगलना गाठ्या टाकत होतं. अश्विनी बाकावर बापाच्या खांद्याला टेकून बसली होती. मी शेजारी पाण्याची बाटली धरून. मध्येच तिनं डोळे उघडले आणि एकदम शुद्धीतल्या आवाजात म्हणाली, "आबा, आपण असं सांगू या. मुळी आधी घेतली, घरचीच, ताकद यावी म्हणून. पिवळं नंतर दिसलं. म्हणजे दोष मुळीवर जाईल. बरी झाले की गोळी परत देतील."

जनाभाऊ समुद्राकडे बघत राहिले. मला वाटलं ते हो म्हणतील. खरं सांगायचं तर माझी तशी इच्छा होती. म्हातारा स्वतःवर घेईल, मुळीचं नाव खराब होईल, पण पोरगी चालेल. त्यात वाईट कुणाचं होणार होतं? मी मनात हिशेब मांडून मोकळासुद्धा झालो होतो.

"अशू, ती गोळी आनखी किती जणी खातात?"

"मला काय माहीत? असतील शंभर, पाचशे. सगळ्या देशांत."

"त्यातल्या कुणाच्या घरी डोळे बगणारा कोण हाय?"

वाऱ्यानं तोंडावर आलेले केस तिनं मागे सारले.

"आज मी ठीक लिवला, तर उद्या ही गाडी दुसरी कुणी नेणार. तिच्या बापाला सपान पडणार हाय का?"

"आणि माझा पाय?" अश्विनी रडायला लागली. मोठ्यानं नाही, नाकातून. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो तिच्या केसांवरून फिरवत ठेवला. "पाय तुजा हाय," ते म्हणाले. "तू सांगशील तसा मी सांगीन. पण मला सांगवणार न्हाय, एवडा ध्यानात ठेव."

भाऊच्या धक्क्याला बोट लागल्यावर आम्ही तिला खाली आणलं. गाडीत बसताना म्हणाली, "खरं सांगा."

इस्पितळात मॅडमनी तिला आत घेतलं आणि आम्हाला टेबलासमोर बसवलं. जनाभाऊंनी खिशाचं बॉलपेन काढलं आणि कागद मागितला. "तोंडानं मी गडबडीन. लिवून देतो." खाली मान घालून ते लिहीत गेले, डेपोत लिहायचे तसं, एकाखाली एक. रविवारी सकाळी उजव्या डोळ्याच्या कडेला पिवळं बघितलं. मुलीस खोटं सांगितलं. मंगळवारी मुळी दिली. किती दिली, कशातून दिली. शुक्रवारी उलटी. खाली सही, आणि सवयीनं सहीखाली आपला बॅज नंबर.

मॅडमनी वाचलं. "काका, मुळी कसली? नाव लागेल मला."

 तीन पिढ्यांचं कुलूप होतं ते. जनाभाऊंनी पिशवीतून केळीच्या पानाची पुडी काढली. निघताना अनवाणी धावलेला माणूस ही पुडी मात्र घेऊन आला होता. मुळी टेबलावर ठेवून त्यांनी नाव सांगितलं, एकदा, मोठ्यानं, आणि मॅडमनी लिहून घेईपर्यंत परत एकदा. मी ते ऐकलं. पण इथे लिहीत नाही. कुणीतरी रानात जाईल.

साध्या, संसर्गाच्या काविळीच्या सगळ्या तपासण्यांत काही निघालं नाही. चाचणीवाल्यांनी संगणकावर उघडून बघितलं. अश्विनी नव्याच गोळीवर होती. गोळी त्याच दिवशी बंद झाली. पहिले चार दिवस रक्तातले काविळीचे आकडे चढत होते. आम्ही इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून असायचो. जनाभाऊ दर तासाला उठून दारापर्यंत जायचे आणि काचेतून तिचे डोळे बघायचा प्रयत्न करायचे. आत ट्यूबलाइट. "न्हाय कळत," म्हणून परत येऊन बसायचे. पाचव्या दिवशी आकडे थांबले, मग उतरले.

आम्ही घरी निघताना मॅडमनी त्यांना स्पष्टच सांगितलं. मुळीनं भर पडली असेल की नाही, हे त्यांना सांगता येणार नव्हतं. आधीच कळवलं असतं तर इतकी वेळ आली नसती, हेही त्यांनी सांगितलं, आणि जनाभाऊंनी मान खाली घालून ऐकलं. "पण पिवळं मुळीच्या आधी दिसलं होतं, हे तुम्ही लिहिलंत. ते लिहिलं नसतंत तर आम्ही सगळा दोष मुळीला देऊन मोकळे झालो असतो." आणखीही कुठे कुठे असं झालं होतं म्हणे. पुढे त्या गोळीवरच्या सगळ्यांचं रक्त वारंवार तपासायचं ठरल्याचं पत्र अश्विनीलाही आलं. गोळी बंद होऊनही आलं. जनाभाऊंनी ते पत्र मला वाचायला लावलं, दोनदा, आणि घडी घालून खिशात ठेवलं. 

त्यानंतर त्यांनी मुळी दिली नाही. रविवारी माणसं येतच राहिली. ते प्रत्येकाला उजेडात उभं करून डोळे बघायचे आणि म्हणायचे, "नाव फुटलं. गुण गेला. दिनूशेटकडं जा, ते रक्ताचा सांगतील." लोक नाराज होऊन माझ्याकडे यायचे आणि मी त्यांना तपासणीला धाडायचो. एकदा मी म्हणालो, "जनाभाऊ, नावानं गुण जातो हे तुम्हाला खरंच वाटतं?"

"गुण कशानं गेला ते मला ठावं हाय, शेट," ते म्हणाले. 

पावसाळ्याच्या तोंडावर अश्विनीला झटका आला. काठी परत आली, आणि या वेळी डावा हातही गेल्यासारखा झाला. घरात भांडण झालं नाही, ती बापाला एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं जनाभाऊ मला म्हणाले. मॅडमनी मग दुसरं औषध ठरवलं. हे बाजारात आलेलं, पण अजून नवंच, सहा महिन्यांनी एकदा शिरेतून द्यायचं. यकृताला त्यामानानं बरं, पण साध्या तापाला जपावं लागतं. जनाभाऊंनी पुन्हा दुकानात बसून कागद वाचला. या वेळी हसण्यासारखं त्यांना काही सापडलं नाही.

जनाभाऊ गेले ते नंतर, दसऱ्याच्या आसपास, आणि त्यांच्या जाण्यात सांगण्यासारखं काही नाही. मला ते आठवतात ते अश्विनीला त्या पहिल्या डोससाठी घेऊन निघाले त्या सकाळचे. रो-रो पावसात बंद होती म्हणून एसटीनं निघाले होते. मी दुकान उघडायच्या आधी पिशवी घेऊन त्यांना बसवायला गेलो. जनाभाऊंनी बसभोवती फेरी मारली, टायरला लाथ मारली, ऐकलं. ड्रायव्हर ओळखीचा होता, हसला. अश्विनी काठी टेकत एकेक पायरी चढली. त्यांनी तिला हात दिला नाही, पण त्यांचे दोन्ही हात तिच्या पाठीमागे, न लागता, वर वर जात होते.

ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर दोघं बसली. मी वर पिशवी ठेवली. त्यांनी अश्विनीचं तोंड खिडकीकडे वळवलं, पापणी ओढली, आणि बराच वेळ बघितलं. मग मला जवळ बोलावून माझीही ओढली.

"पांढरे हायत," ते म्हणाले. पुढचं 'घाबरू नका' म्हणाले नाहीत.

गाडी सुरू झाली. मी घाईनं उतरायला वळलो आणि खाली लक्ष गेलं. जनाभाऊ ताठ बसले होते, डोळे समोरच्या काचेकडे, झोपेचं नाव नाही. आणि त्यांचा उजवा पाय, खाकी पँटमधला, चपलेसकट, बसच्या पत्र्यावर, ब्रेकवर असावा तसा, घट्ट दाबलेला होता.